ऑनलाइन वर्गातली चर्चा ‘सहमत आहे’च्या पुढे कशी न्यावी

कुठल्याही ऑनलाइन अभ्यासक्रमातली चर्चा उघडून बघा. वर एक जाडजूड परिच्छेद, कुठूनतरी जसाच्या तसा उचललेला. त्याखाली ‘सहमत’, ‘छान मुद्दा मांडलास’, ‘मलाही असंच वाटतं’ अशी रांग. निम्म्याहून जास्त उत्तरं शेवटच्या तारखेला रात्री पावणेबाराची. मग स्टाफरूममध्ये ठरलेलं वाक्य ऐकू येतं: आजकालच्या मुलांना बोलायचंच नसतं.

हीच मुलं एसटीत मागच्या बाकावर बसून कणकवलीपासून देवगडपर्यंत हापूसच्या दरावरून हुज्जत घालत जातात. बोलायला त्यांना उत्तम येतं. आपण दिलेल्या प्रश्नावर एकमेकांशी बोलून त्यांच्या पदरात काही पडत नाही, म्हणून ती बोलत नाहीत.

मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या वाणिज्य आणि कला शाखेच्या मुलांना ऑनलाइन विषय शिकवते. ऑनलाइन वर्गासाठी मूडल घ्यायचं की गूगल क्लासरूम, खाती कशी उघडायची, लिंक कुठे टाकायची हे तुमचं झालेलं आहे असं धरते. फक्त एक सांगते, चर्चा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नेऊ नका. तिथे सकाळचा मुद्दा दुपारच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो.

१. गट पाडा

दहा-बारा जणांचा गट, त्याहून मोठा नको. शंभर मुलांची एकच चर्चा म्हणजे चतुर्थीच्या आदल्या दिवशीचं दादर स्टेशन, कोण कुणाला काय सांगतंय याचा पत्ता नाही. गट हजेरीपटाच्या क्रमाने पाडू नका, गावं मिसळा. प्रत्येक गटात एखादा बंदरावरचा, एखादी बागायतदाराच्या घरातली आणि एखादा बाजारपेठेत दुकान असलेला हवा. हे का, ते पाचव्या पायरीत येईल.

२. तारखा गावाकडे बघून ठरवा

पहिल्या उत्तराची तारीख वेगळी, प्रतिसादाची वेगळी, आणि दोन्हींत किमान तीन दिवसांचं अंतर. दोन्हींना एकच तारीख दिलीत की सगळे शेवटच्या रात्री येतात आणि चर्चा सुरू व्हायच्या आतच संपते. गणपतीच्या आणि शिमग्याच्या आठवड्यात काहीही ठेवू नका.

पावसात लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो आणि रेंजसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढावं लागतं. ऑनलाइन शिकणं सगळ्यांच्या गळ्यात पडलं त्याच वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत त्यानंतर आठवडे वीज नव्हती. तेव्हा प्रत्येक तारखेनंतर चोवीस तासांची सूट आधीच जाहीर करून टाका. ती मागायला लावू नका. मागायला लावली की मुलं चर्चेऐवजी कारणं लिहिण्यात वेळ घालवतात.

३. भाषा मोकळी सोडा

‘माका वाटता’ने सुरू झालेलं उत्तर पाच ओळी पुढे जातं, ‘माझ्या मते सदर विषयाबाबत’ने सुरू झालेलं दुसऱ्या ओळीत मरतं. मालवणी चालेल, रोमन लिपीतली मराठी चालेल. शुद्धलेखन परीक्षेत बघा.

४. निर्णय मागणारा प्रश्न द्या

‘हापूसच्या भौगोलिक मानांकनाचे फायदे सांगा’ हा प्रश्न चर्चेसाठी बाद आहे. हे मानांकन २०१८ मध्ये मिळालं आणि त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे पाच जिल्हे आहेत, ही माहिती एका क्लिकवर सापडते. सगळ्यांची उत्तरं सारखी आली की एकमेकांना सांगण्यासारखं काय उरलं? आता तर चॅटजीपीटी तेच पाच मुद्दे हव्या त्या शब्दसंख्येत काढून देतं.

त्याऐवजी असं विचारा: एप्रिलचा दुसरा आठवडा आहे. तुमच्या काकांकडे दोनशे कलमं आहेत. आंबा वाशीच्या बाजारात पाठवायचा, मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला थेट घरपोच द्यायचा की कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याला, घालायचा? कुठे किती टक्के, आणि का? मानांकनाचा फायदा होतो का, याचं उत्तर यातूनच निघतं आणि तेही ‘काकांना होतो का’ अशा नेमक्या रूपात.

५. दुसरं उत्तर: खरी अडचण इथे आहे

वरचं सगळं जमून गेल्यावरही मी याच पायरीवर बराच काळ अडखळत होते. पहिली उत्तरं चांगली यायची आणि त्याखाली पुन्हा ‘सहमत’. प्रत्येक प्रशिक्षणात यावर एकच उपाय सांगतात: ‘एक उत्तर लिहा आणि किमान दोघांना प्रतिसाद द्या’ असा नियम करा. हा नियम मोडीत काढा. याने प्रतिसादांची संख्या वाढते, बाकी काही नाही. मुलं आपल्या दोन मैत्रिणींचं नाव शोधतात, खाली ‘खूप छान’ लिहितात आणि सुटतात. किमान पन्नास शब्दांची अट घातलीत तर ‘खूप छान’ पन्नास शब्दांत येतं.

समोरच्याने लिहिलेलं वाचलं नाही तरी ज्याचं काहीच अडत नाही, तो वाचणार कशाला? म्हणून अडायला हवं. ही युक्ती मी शोधलेली नाही. १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतंच एका वर्गात बसवलं होतं आणि वर्गात मारामाऱ्या चालल्या होत्या. एलियट ॲरनसन या मानसशास्त्रज्ञाने तिथे धड्याचे तुकडे केले आणि प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. पूर्ण धडा हवा तर बाकीच्यांचं ऐकल्यावाचून सुटका नाही. ही रीत ‘जिगसॉ’ म्हणून ओळखली जाते, आणि ऑनलाइन चर्चेला ती वर्गापेक्षाही जास्त लागू पडते, कारण इथे प्रत्येक मूल आपापल्या गावात बसलेलं असतं.

आंब्याच्या प्रश्नात मी चार तुकडे करते. पहिल्यांनी बागेचा खर्च काढायचा: मोहरापासूनच्या फवारण्या, राखण, काढणीची मजुरी. दुसऱ्यांनी पेटी, तिच्यात घालायचं भाताण (भाताचा पेंढा), गाडीभाडं, हमाली. तिसऱ्यांनी वाशीचा दर, तो एप्रिलपासून मेअखेरपर्यंत कसा खाली येतो, आणि दलालाकडून हातात काय पडतं. चौथ्यांनी कॅनिंगचा किलोचा दर आणि कारखाना पैसे कधी देतो. प्रत्येकाने गावातल्या एका माणसाला विचारून यायचं. इंटरनेटवरचा आकडा चालणार नाही, आणि विचारलेल्या माणसाचं नाव लिहायचं नाही, ‘आमच्या वाडीतले एक बागायतदार’ एवढं पुरे. खर्चाचं गणित गावोगावच्या लोकांना उघड करायचं नसतं, हे विसरलात तर पुढच्या वर्षी कुणी सांगणार नाही.

एकेक तुकडा दोघांकडे द्याच. एकाकडेच दिलात आणि नेमका तोच ताप येऊन पडला की अख्खा गट वाट बघत बसतो. शिवाय एकाच तुकड्यावर दोन गावांतून दोन वेगळे आकडे आले की भांडण आपोआप सुरू होतं, आणि चर्चेला तेच हवं असतं. वेंगुर्ल्याचं भाडं आणि दापोलीचं भाडं सारखं कसं असेल? खर्चाचा तुकडा सगळ्यांत अवघड, तो बागायतदाराच्या घरातल्याला देऊ नका. त्याला घरचं सगळं ठाऊक असतं म्हणून तो विचारतच नाही.

आता प्रतिसादाचा नियम. मी तीनच प्रकार मान्य करते. ‘तुझ्या आकड्यामुळे माझं उत्तर बदललं, कारण…’, ‘तुझं म्हणणं आमच्याकडे लागू पडत नाही, कारण…’ आणि ‘हे कशावरून?’ चौथा प्रकार नाही. कौतुक करायचं असेल तर फोन करा. ऐकायला हे कडक वाटतं, पण याने भिडस्त मुलांची सोय होते. मोठ्या आवाजाच्या मुलाला ‘हे चुकतंय’ म्हणायला जी मुलगी धजत नाही, ती ‘हे कशावरून?’ बेधडक विचारते, कारण तो नियमच आहे. देवगडची मुलगी लिहिते की कॅनिंग म्हणजे मातीमोल भाव. राजापूरचा मुलगा उलट लिहितो की मे महिन्याच्या शेवटी पाऊस पडला, फळ डागाळलं की तेच कॅनिंग वर्ष तारतं. मग ती विचारते, पाऊस आधी आला तर किती माल तसा जातो? एवढं झालं की चर्चा लागली म्हणा.

आणि आता तुम्ही गप्प बसा. सगळ्यांत कठीण हे आहे, आणि याबद्दल मिळणारा सल्ला सगळ्यांत वाईट आहे. ‘शिक्षकाने प्रत्येक उत्तराला प्रतिसाद द्यावा, मुलांना प्रोत्साहन मिळतं’ असं सांगतात. प्रोत्साहन नाही, पूर्णविराम मिळतो. मॅडमनी ‘बरोबर’ म्हटलं, विषय संपला. मेरी बड रो या संशोधिकेने वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात असं तिला दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली, आपणहून बोलणारी मुलं वाढली. ऑनलाइनमध्ये त्या तीन सेकंदांचा मी एक दिवस करते. कुठल्याही उत्तरानंतर चोवीस तास मी काही लिहीत नाही, चूक दिसली तरी. बहुतेक वेळा दुसरं कुणीतरी ती पकडतं. कुणीच पकडली नाही, तर दुरुस्ती न देता नाव घेऊन प्रश्न टाकते: ‘वाशीच्या दरात दलालाची आडत धरली आहेस का?’ आणि जी मुलं एकदम गप्प असतात त्यांना चर्चेत न टोकता खाजगी निरोप पाठवते.

मूडलमध्ये ‘प्रश्नोत्तर’ प्रकारची चर्चा असते. स्वतःचं उत्तर टाकल्याखेरीज दुसऱ्यांचं दिसत नाही. मतं विचारायची असतील तेव्हा ती वापरा, नक्कल थांबते. तुकडे वाटले असतील तेव्हा वापरू नका, तिथे झाकण्यासारखं काही नसतं.

६. निर्णयाची तिसरी तारीख

गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या तिघांनी कॅनडात ऑनलाइन चर्चांचा अभ्यास करून चार टप्पे मांडले: प्रश्न पडणं, चाचपडणं, जुळवणं आणि उत्तरापर्यंत पोचणं. चर्चा बहुतांशी चाचपडण्यावर थांबतात, हे त्यानंतरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं. पुढे जाण्याची सक्ती कुणी केलेली नसते, मग काय होणार? म्हणून तिसरी तारीख ठेवा: त्या दिवशी गटाने मिळून एका पानाचा निर्णय द्यायचा, टक्क्यांसकट, आणि ज्याला तो पटला नाही त्याने खाली आपलं वेगळं मत लिहायचं.

७. तापलेले विषय टाळू नका

कोकणात रिफायनरी यावी का, पर्ससीनची (बोटीवरून मोठ्या जाळ्याने वेढून केलेली) मासेमारी चालू द्यावी का, हे विषय आले की शिक्षक घाबरतात. २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, तेव्हापासूनचा वाद किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात आहे. एकाच गटात किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकरांचा मुलगा आणि पर्ससीनच्या बोटीवर काम करणाऱ्याची मुलगी असते. तिथे एकच अट घाला: आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं असं लिहा, की तो ‘हो, हेच म्हणायचंय’ म्हणेल. तोवर पुढे जायचं नाही. यात दोन दिवस जातात, जाऊ द्या. बोटीचं किंवा गावातल्या माणसाचं नाव घेऊन कुणी लिहिलं तर ते लगेच काढा आणि त्या मुलाशी फोनवर बोला, सगळ्यांसमोर नको.

८. गुण

दहापैकी तीन आणलेल्या माहितीला, पाच दुसऱ्याला दिलेल्या प्रतिसादाला, दोन गटाच्या निर्णयाला. शब्द मोजू नका. ‘माझं उत्तर बदललं’ लिहिणाऱ्याचे गुण कधीही कापू नका.

९. शेवट

चर्चेचा गोषवारा गटातल्या एकाने लिहावा, तुम्ही नाही. आणि पुढच्या वर्षी प्रश्न बदला, निदान महिना आणि कलमांची संख्या तरी. आधीच्या बॅचची उत्तरं प्रवेशाच्या रांगेतच नव्या मुलांच्या फोनवर पोचलेली असतात.