अमळनेरहून अ‍ॅनफिल्डला जाताना काय काय बांधायचं

२५ मे २००५च्या रात्री मी धुळ्याला मामांकडे होते. आपल्याकडे मध्यरात्र उलटून सव्वाबारा वाजता इस्तंबूलला चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या स्पर्धेची फायनल सुरू झाली, तेव्हा सगळं घर गच्चीवर झोपलं होतं आणि मी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून बसले होते. हाफटाइमला लिव्हरपूल मिलानच्या तीन गोलांनी मागे. मग सहा मिनिटांत तीन गोल फेडले आणि शेवटी पेनल्टीवर जिंकले. ओरडायची सोय नव्हती. उशीत तोंड खुपसून रडले. पुढे लग्न होऊन अमळनेरला आले, तरी रात्रीचे सामने असेच मुके पाहत राहिले. गेल्या दिवाळीत अप्पा, माय, आम्ही दोघं, तेरा वर्षांची लेक आणि आठ वर्षांचा धाकटा असे सहाजण लिव्हरपूलला जाऊन आलो, त्यात माझा हेतू एवढाच होता की अ‍ॅनफिल्डचा, लिव्हरपूल क्लबच्या घरच्या मैदानाचा, आवाज एकदा कानांनी ऐकायचा. बाकी पाचजणांनी नेमकं कशासाठी यायचं, हे ठरवण्यातच निम्मी तयारी गेली. आता ओळखीतली दोन-तीन घरं विचारताहेत, म्हणून सगळं एकदा लिहून काढते.

आधी कॅलेंडर घ्या, पासपोर्टचं नंतर. प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडमधली क्लबांची फुटबॉल स्पर्धा, ऑगस्ट ते मे चालते. वीस संघ, प्रत्येकाचे ३८ सामने, त्यातले १९ घरच्या मैदानावर. वेळापत्रक जूनमध्ये लागतं. आपल्या शाळांच्या सुट्ट्या दोनच, दिवाळीची आणि उन्हाळ्याची. मे संपता संपता लीगही संपते, त्यामुळे उन्हाळ्यात जायचं तर मेचा पहिला पंधरवडा पकडावा लागतो, आणि तेव्हा मुलांच्या परीक्षा, निकाल, लग्नसराई सगळं एकदम अंगावर येतं. दिवाळी बरी. फक्त सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये देशांच्या संघांचे सामने असले की लीगला सुट्टी असते, ते आठवडे वहीत आधीच खोडून टाका. जूनमध्ये छापलेली तारीखही पक्की धरायची नसते. टीव्हीसाठी शनिवारचा सामना रविवारी जातो, कधी सोमवारी रात्रीही जातो. सामन्याच्या अलीकडे-पलीकडे दोन-दोन दिवस लिव्हरपूलमध्येच राहायचं ठेवा आणि पैसे परत मिळतील असंच हॉटेल घ्या. आम्ही लंडन शेवटी ठेवलं ते याच कारणाने.

तिकिटाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथेच घरं फसतात. क्लबचं सभासदत्व घेतल्याशिवाय साध्या तिकिटाच्या रांगेतही उभं राहता येत नाही, आणि घेतलं तरी सोडत लागेलच असं नाही. दुसरा रस्ता क्लबच्या हॉस्पिटॅलिटी पॅकेजचा, म्हणजे खाण्यापिण्यासकट मिळणाऱ्या तिकिटाचा. महाग आहे, पण तिकीट खात्रीचं. तिसरा रस्ता नाहीच असं समजा. इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय दुसऱ्याला विकणं १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे. माझ्या नात्यातल्या एकाने तरीही एका वेबसाइटवरून दोन तिकिटं घेतली, पैसे भरले, आणि सामन्याच्या सकाळपर्यंत मोबाईलमध्ये काहीच आलं नाही. तो मैदानाच्या भिंतीला हात लावून परत आला. तिकीट आता कागदाचं नसतं, मोबाईलमध्ये येतं आणि गेटवर मोबाईल टेकवूनच आत जाता येतं. म्हणून चार्ज केलेली पॉवर बँक सोबत हवीच.

सहा माणसांना एका ओळीत सहा जागा मिळतील ही आशा सोडा. आम्ही जुलैमध्येच घरात बसून ठरवलं की सामना मी आणि लेक पाहणार आणि स्टेडियमची टूर सगळे मिळून करणार. धाकटा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पण हा निर्णय परक्या शहरात, हॉटेलच्या खोलीत घ्यायची वेळ आली असती तर फार कठीण झालं असतं. टूर सामन्याच्या दिवशी नसते, ती वेगळ्या दिवसाची काढायची. त्याला मी सांगितलं होतं की खेळाडू ज्या बोगद्यातून मैदानात येतात तिथून तू जाशील, आम्हा दोघींना सामन्याच्या दिवशी ते मिळणार नाही. आता तो शाळेत हेच सांगत फिरतो.

व्हिसाची कागदं. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपर्यंतच अर्ज करता येतो, आणि बोटांचे ठसे दिल्यापासून साधारण तीन आठवडे लागतात. दिवाळीच्या आधी गर्दी असते, ऑगस्टमध्येच उरकून घ्या. शेतकरी घराची एक वेगळी अडचण आहे. आपलं उत्पन्न सातबाऱ्यावर, कापसाच्या जिनच्या पावत्यांवर आणि बाजार समितीच्या हिशोबपट्टीवर असतं, आणि सगळं मराठीत. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचं प्रमाणित भाषांतर लागतं, भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख आणि संपर्क यांसकट. आमच्या वकिलांकडून सातबाऱ्याचं भाषांतर करून घेतलं आणि बँकेची सहा महिन्यांची उलाढाल जोडली. मायच्या आधारवर एक नाव, पासपोर्टवर माहेरच्या धाटणीचं दुसरं. ते सरळ करायला दीड महिना गेला. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची नावं सगळ्या कागदांवर अक्षर न् अक्षर जुळतात का, हे आज संध्याकाळीच बघा.

अप्पांना फुटबॉलमध्ये रस नाही. "तुम्ही जा, मी शेत बघस" म्हणत होते. त्यांना तयार केलं ते लेकीने. अ‍ॅनफिल्डच्या एका टोकाच्या प्रेक्षकांच्या उतरंडीला कॉप म्हणतात. हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉप या टेकडीवरून पडलं. जानेवारी १९०० मध्ये तिथे बोअर युद्धातली मोठी लढाई झाली, लिव्हरपूलकडच्या लँकेशायर भागातल्या पलटणींची पुष्कळ माणसं पडली. सहा वर्षांनी अ‍ॅनफिल्डला नवा स्टँड बांधला, तेव्हा त्याला त्या टेकडीचं नाव मिळालं. आणि त्याच लढाईत जखमींना स्ट्रेचरवरून वाहून नेणाऱ्या भारतीय पथकात मोहनदास गांधी होते. अप्पांचे वडील १९३६ च्या फैजपूर काँग्रेसला गांधीजींना बघायला चालत गेले होते, ही गोष्ट आमच्या घरात दर वर्षी सांगितली जाते. लेकीने दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ सांगितल्या. अप्पा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "चाल मंग, मी बी येस."

त्यांच्यासाठी दुसरं कारण कापसाचं होतं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांसाठी मुंबईहून गाठी लिव्हरपूलला जाऊ लागल्या. त्या मालात खानदेशचा कापूसही होता. १८४६ साली उघडलेला अल्बर्ट डॉक आजही उभा आहे, वीट, दगड आणि बिडाचा, आग लागू नये म्हणून बांधकामात लाकूड न वापरलेला. जिनला लागलेल्या आगी पाहिलेल्या माणसाला त्या गोदामांपुढून हलवणं कठीण असतं. त्या जागेला अर्धा दिवस द्या. आम्ही दोन तास ठेवले होते, कमी पडले. तिथून चालत गेलं की रॉयल लिव्हर बिल्डिंग येते, तिच्या शिखरांवरचे ते दोन पक्षी. क्लबच्या बोधचिन्हातला पक्षी तोच. धाकट्याने तो आधी ओळखला. मर्सी नदीची फेरी, दोन मोठी कॅथीड्रल, बीटल्सचं म्युझियम ही ठिकाणं कोणत्याही माहितीपुस्तकात मिळतील, त्यावर मी वेळ घालवत नाही.

मायचा प्रश्न पहिल्या दिवसापासून एकच. "तठे मी काय खासू?" माय माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या, हा माझा ठाम सल्ला आहे. दूध, खवा, पनीर, तूप यातलं काही नेऊ नका, भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. दिवाळीचा फराळ म्हणून पेढे-बर्फी भरली तर विमानतळावरच टाकावी लागेल. आम्ही दादर ज्वारीचं आणि कळण्याचं पीठ, काळा मसाला, लाल तिखट, शेव, बिबडे, शेंगदाणे आणि तूरडाळ नेली. ताज्या फळांत केळी चालतात, पण चौदा-पंधरा तासांच्या प्रवासात त्यांचं काय होतं ते खानदेशच्या माणसाला सांगायला नको. तव्याची जागा बॅगेत आधी काढून ठेवा, तिकडच्या भांड्यांत भाकरी फुगत नाही. संध्याकाळी शेवभाजी आणि भाकरी असली की दिवसभर माय कुठेही यायला तयार असायची. लिव्हरपूलचा स्वतःचा पदार्थ म्हणजे स्काउस, मांस-बटाट्याचा रस्सा. तिथल्या माणसांना स्काउसर म्हणतात ते त्यावरूनच. त्याचा बिनमांसाचा प्रकारही असतो, ब्लाइंड स्काउस. विचारून घ्या, मिळतो.

कपड्यांचं माप खानदेशी अंगाने घेऊ नका. आपल्याला अंग भाजून घ्यायची सवय आहे. तिकडे ऑक्टोबरअखेर दुपारीही तेरा-चौदा अंश असतात, वर समुद्राचं वारं आणि आडवा पाऊस. छत्री उलटी होते, टोपीचं जाकीट घ्या. मायने लुगड्याखाली लोकरी पायजमा आणि पायांत बूट घातले. ते बूट सप्टेंबरपासून रोज अंगणात आणि मग मंदिरापर्यंत घालून चालायची सवय केली, म्हणून एकही फोड आला नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात. त्याआधी आपल्यात आणि त्यांच्यात साडेचार तासांचं अंतर, त्यानंतर साडेपाच. तुमचा सामना त्या रविवारी असेल तर हे दारावर लिहून चिकटवा. त्यानंतर साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, फिरायचं ते सकाळी.

अमळनेरहून खानदेश एक्सप्रेसने मुंबई गाठता येते, पण ती रोज नसते आणि पावसाळा लांबला की गाड्या रखडतात. विमानाच्या आदल्या रात्री मुंबईतच मुक्काम हवा. विमानतळावर अप्पा-मायसाठी व्हीलचेअर दोन दिवस आधी सांगून ठेवा. दोघांनाही लाज वाटेल, तरी सांगा. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरची चाल फार लांब आहे. बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ पट्ट्यांत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट. प्रवास विमा काढताना जुनी दुखणी लपवू नका, नाहीतर तो विमा कामाचा नाही. लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून लिव्हरपूल लाइम स्ट्रीट सव्वादोन तासांच्या आसपास. त्या रेल्वेत फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड काढलं की एका कार्डावर चार मोठे आणि चार मुलं जाऊ शकतात, मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना साठ टक्के सूट. आमचं कार्ड पहिल्याच फेरीत वसूल झालं. प्लगसाठी तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर, दोन तरी.

लंडनच्या दोन दिवसांत राजवाडा वगैरे झालंच. पण प्रिमरोझ हिलजवळचं १०, किंग हेन्रीज रोड हे घर चुकवू नका. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे राहून शिकत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घेतलं. उघडं असण्याच्या वेळा आधी बघून जा. माझा नवरा शिक्षक आहे, त्याचा हेतू हा होता.

सामन्याच्या दिवशी. बॅग ए-फोर कागदाएवढीच, मोठी असेल तर घरी ठेवा. अ‍ॅनफिल्डला रेल्वे स्टेशन नाही. लाइम स्ट्रीटजवळून बस मिळते, किंवा सँडहिल्स स्टेशनपासून सॉकरबस. येताना आम्ही चालत आलो, गर्दीबरोबर तीन किलोमीटर कळलेसुद्धा नाहीत. मुलांना मैदानात नेण्याआधी १५ एप्रिल १९८९ ची गोष्ट घरीच सांगून ठेवा. शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानात लिव्हरपूलचा सामना बघायला गेलेली ९७ माणसं चेंगरून गेली, त्यातली बरीच कोवळ्या वयाची. स्टेडियमबाहेर त्यांची नावं कोरलेली आहेत. तिथे हसत फोटो काढायचा नसतो. लेकीने अमळनेरहून नेलेला लाल रुमाल तिथे बांधला.

आणि क्लबचं गाणं पाठ करा, "यू विल नेव्हर वॉक अलोन". सामना सुरू होण्याआधी सगळं मैदान ते गातं, मैदानाच्या शँकली गेट या फाटकावर त्याचेच चार शब्द आहेत. आम्ही दोघींनी ते महिनाभर स्वयंपाकघरात, भाकरी थापताना घोकलं. माय अर्थ विचारायची. एकट्याने चालावं लागणार नाही, असं सांगितल्यावर म्हणाली, मग हे वारीचंच की. जागेवर वीस मिनिटं आधी बसलेलं असा आणि मोबाईल खिशात ठेवा. साठ हजार माणसांनी पहिली ओळ उचलली तेव्हा मला सगळे शब्द येत होते, ओठ हलत होते, पण इतक्या वर्षांच्या सवयीने गळ्यातून आवाज निघेना. लेकीने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कानाशी येऊन ओरडली, "मम्मी, आवाज वाढव!"