१२,३४,५६,७८९ चे अवयव हाताने पाडताना

एक ते नऊ अंक ओळीने लिहून तयार होणारी ही संख्या कागदावर सुटते. फक्त पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

शेवटचा अंक ९, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४५, म्हणजे ९ ने भाग जातो, भागाकार १,३७,१७,४२१. अजून एक ३ निघतो का, हे या भागाकारावरून बघा. त्याच्या अंकांची बेरीज २६, म्हणजे नाही. दिलेल्या संख्येच्या ४५ वरून २७ चा अंदाज बांधू नका. अंकांच्या बेरजेची कसोटी ९ च्या पुढे चालत नाही. २७ च्याच अंकांची बेरीज ९ आहे!

७ × ११ × १३ = १००१, त्यामुळे हे तिन्ही एकदम तपासता येतात. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करून आलटून पालटून वजा-अधिक करा: ७८९ − ४५६ + १२३ = ४५६. याला ७, ११, १३ ने भागल्यास बाकी अनुक्रमे १, ५, १. तिन्ही बाद.

यापुढे सरळ भागत गेलात तर पहिला अवयव सापडेपर्यंत जवळपास ५०० मूळ संख्या तपासाव्या लागतात. त्यापेक्षा १७ ते ४७ पर्यंतच्या नऊ तपासा (एकानेही भाग जात नाही) आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची रीत घ्या: संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडायची, म्हणजे त्यांच्या वर्गमुळांची वजाबाकी आणि बेरीज हेच अवयव होतात.

१,३७,१७,४२१ चं वर्गमूळ ३७०३ आणि ३७०४ यांच्या मधे येतं. ३७०४ च्या वर्गातून संख्या वजा केली की २१९५ उरतात. ५ ने संपणारा पूर्ण वर्ग २५ नेच संपतो, त्यामुळे हा वर्ग नाही. ३७०५ चा वर्ग १,३७,२७,०२५. उरतात ९६०४, म्हणजे ९८ चा वर्ग. अवयव मिळाले: ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३.

दुसऱ्याच प्रयत्नात काम झालं, कारण दोन्ही अवयव वर्गमूळाच्या अगदी जवळ आहेत. दर वेळी असं होत नाही. ९८,७६,५४,३२१ ला ९ ने भागून हीच रीत लावली, तर उत्तर १,७९,५३० व्या प्रयत्नाला येतं. तिथे साधा भागाकार १७ वरच अवयव देतो. म्हणून लहान मूळ संख्या आधी.

३६०७ आणि ३८०३ मूळ आहेत का, हे तपासायचं राहिलं. ३६०७ साठी ५९ पर्यंत भागणं पुरतं. ३८०३ साठी मात्र ६१ सुद्धा हवा, कारण ६१ चा वर्ग ३७२१ आहे. तिथे बाकी २१ उरते. ५९ वर थांबण्याची चूक इथेच होते. दोन्ही मूळ ठरतात.

म्हणून १२,३४,५६,७८९ = ३² × ३६०७ × ३८०३. घातांकांत एकेक मिळवून गुणा: ३ × २ × २ = १२ विभाजक. त्यांची बेरीज १३ × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६. त्यातून संख्या स्वतः वजा केली की ५,४९,६६,०२७ उरतात. ते संख्येपेक्षा कमी, म्हणजे ती परिपूर्ण (स्वतः सोडून बाकी विभाजकांच्या बेरजेइतकी) नाही. तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ (१ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या) अशा संख्या ६ × ३६०६ × ३८०२ = ८,२२,६०,०७२.

याहून मोठ्या संख्यांसाठी एक्सेलवर विसंबू नका. तिथे १५ सार्थ अंकांपुढचे अंक शून्य होतात आणि सम-विषमसुद्धा चुकतं. पायथनमध्ये पूर्णांक कितीही मोठा चालतो, पण भागाकाराला एक नव्हे, दोन तिरक्या रेघा द्या. एकीने उत्तर दशांशात जातं आणि शेवटचे अंक बिघडतात.