आधी कामे हलवा, प्रणाली शेवटी: छोट्या व्यवसायाचे लिनक्सवर स्थलांतर

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षा घटक आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागत असल्यामुळे, उत्तम चालणारे कितीतरी संगणक केवळ प्रणालीपायी मोडीत काढण्याची वेळ आली आणि छोट्या व्यवसायांना लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीचा विचार करण्यास आणखी एक कारण मिळाले. विचार रास्त आहे. मात्र त्याची अंमलबजावणी पुष्कळदा उलट्या टोकाकडून होते. सुट्टीच्या दिवशी सगळ्या संगणकांवर लिनक्स बसवले जाते आणि दुसऱ्या दिवशी हिशेबाचा प्रोग्राम कसा चालवायचा याचा शोध सुरू होतो. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने हा बदल केला तेव्हा क्रम वेगळा ठेवला होता: २००५ मध्ये जुन्याच प्रणालीवर ओपनऑफिस हा कार्यालयीन कामांचा मुक्त प्रोग्रामसंच आणला, पुढे फायरफॉक्स हा ब्राउझर आणि थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम आणला, आणि उबुंटू या लिनक्सच्या आवृत्तीकडे वळण्याचा निर्णय २००८ मध्ये घेतला. चार-पाच संगणकांच्या कार्यालयानेही याच क्रमाने जावे.

पहिली पायरी यादीची. संगणकावर कोणते प्रोग्राम आहेत याची नव्हे, तर कोण कोणते काम करतो याची यादी करावी, आणि तीत रोजच्या कामांबरोबरच महिनाअखेरीची व वर्षअखेरीची कामेही आवर्जून नोंदवावीत, कारण वर्षातून एकदाच लागणारा प्रोग्रामच नेमका विसरला जातो. ब्राउझरमध्ये होणाऱ्या कामांची चिंता फारशी नसते. ज्यांना लिनक्सवर चांगला पर्याय आहे, अशी कामे थोड्या सरावाने जमतात. प्रश्न उरतो तो या दोन्हींत न बसणाऱ्या कामांचा: हिशेबाचे विशिष्ट सॉफ्टवेअर, डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन, लेबल छापणारे यंत्र, एखाद्या उपकरणाबरोबर आलेला जुना प्रोग्राम. या प्रत्येकाच्या विक्रेत्याला लिनक्ससाठी किंवा ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती आहे का, हे लेखी विचारावे. (‘बहुधा चालेल’ हे उत्तर फोनवर सहज मिळते, लेखी सहसा मिळत नाही.) वाइन नावाचे सॉफ्टवेअर वापरून विंडोजचे बरेच प्रोग्राम लिनक्सवर चालतात, पण ज्यावर हिशेब अवलंबून आहेत असा प्रोग्राम वाइनच्या भरवशावर ठेवू नये, असे माझे मत आहे, कारण आज चालणारा प्रोग्राम त्याच्या पुढच्याच अपडेटनंतर अडू शकतो. त्यापेक्षा एक विंडोज संगणक अशा कामांपुरता राखून ठेवणे किंवा आभासी यंत्रात (लिनक्सच्या आत सॉफ्टवेअरने उभारलेल्या संगणकात) विंडोज चालवणे बरे. आभासी यंत्रासाठीही वैध परवाना लागतो, आणि संगणकाबरोबर आलेला परवाना सहसा त्याच संगणकापुरता असतो. राखून ठेवलेल्या संगणकावरील प्रणालीला सुरक्षा अपडेट मिळत नसतील, तर त्याला इंटरनेटपासून दूर ठेवावे.

खरे कष्ट फायलींमध्ये आहेत. म्हणून लिब्रेऑफिस (ओपनऑफिसचाच पुढचा अवतार), फायरफॉक्स आणि थंडरबर्ड हे तिन्ही प्रोग्राम आहे त्याच विंडोजवर बसवावेत आणि निदान एक महिनाअखेर त्यांच्यावरच पार पाडावी. या काळात अडचणी आपोआप वर येतात, आणि जुना प्रोग्राम शेजारीच असल्यामुळे काम थांबत नाही. पत्राची मांडणी हललेली दिसली तर दोष बहुधा फॉन्टचा असतो: कॅलिब्री आणि कॅम्ब्रिया लिनक्ससोबत येत नाहीत, परंतु त्यांच्याच मापाचे कार्लिटो आणि कॅलाडिया हे मुक्त फॉन्ट बसवल्यास ओळी पुन्हा जागेवर येतात. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले जुने दस्तऐवज याच टप्प्यावर युनिकोडमध्ये रूपांतरित करावेत, कारण तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्यांतला मजकूर वाचताच येत नाही. एक्सेलमधील मॅक्रोंपैकी (आपोआप चालणाऱ्या छोट्या आज्ञासंचांपैकी) काही लिब्रेऑफिसमध्ये चालतात, काही नव्याने लिहावे लागतात. जवळपास प्रत्येक कार्यालयात एक अवाढव्य एक्सेल फाइल असते, जी कुणीतरी कधीकाळी बनवली, ज्यावर सगळ्यांचे काम चालते आणि जिची सूत्रे आता कुणालाच नीट ठाऊक नसतात. ती सर्वांत आधी तपासावी आणि जुन्या-नव्या दोन्ही प्रोग्राममधील बेरजा ताडून पाहाव्यात. अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्राममधील माहिती, अ‍ॅक्सेस हाताशी असतानाच, सीएसव्ही या साध्या मजकुराच्या स्वरूपात काढून घ्यावी. ईमेल आयमॅपवर (पत्रे सर्व्हरवरच ठेवणाऱ्या पद्धतीवर) असेल तर थंडरबर्डमध्ये खाते जोडणे पुरेसे होते. पॉप पद्धतीने उतरवलेली जुनी पत्रे मात्र अनेकदा त्या एकाच संगणकात असतात, म्हणून ती आधी आयमॅप खात्यात चढवून घ्यावीत. यापुढे बाहेर पाठवायचे कागद पीडीएफमध्ये द्यावेत, आणि समोरच्याला बदल करायचे असतील तेवढ्यापुरतेच वर्डचे स्वरूप वापरावे.

फायली मार्गी लागल्यावर यंत्रांची परीक्षा घ्यावी. उबुंटू, मिंट आणि इतर अनेक वितरणे (लिनक्सच्या तयार आवृत्त्या) पेनड्राइव्हवरून, हार्ड डिस्कला हात न लावता, सुरू करून पाहता येतात. वायफाय, आवाज, दुसरा पडदा, झोपवलेला संगणक पुन्हा जागा होणे, छपाई आणि स्कॅनिंग हे सर्व प्रत्येक प्रकारच्या संगणकावर तपासावे. नेटवर्कवर चालणारे अलीकडचे बरेच प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखले जातात. केवळ विंडोजसाठी बनलेले जुने यूएसबी लेझर प्रिंटर त्रास देतात. बहुकामी यंत्र छपाई करते म्हणून स्कॅनही करेल असे धरू नये.

वितरण निवडण्यात आठवडे घालवू नयेत. डेबियन, लिनक्स मिंट किंवा उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती यांपैकी कोणतेही चालेल. उबुंटूची अशी आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे नियमित अपडेट मिळतात. मिंटची मांडणी विंडोजच्या सवयीला जवळची आहे. अडचणीत ज्याला बोलावणार त्याला येणारे वितरण घ्यावे आणि सर्व संगणकांवर तेच ठेवावे.

प्रत्यक्ष बदलाच्या दिवसापूर्वी सर्व फायलींच्या दोन प्रती असाव्यात, त्यांपैकी एक कोणत्याही संगणकाला न जोडलेली, आणि त्या प्रतीतून काही फायली परत काढून उघडून पाहिलेल्या असाव्यात. डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सुविधेने कुलूपबंद असेल तर तिची रिकव्हरी की जपून ठेवावी. शक्य असेल तेथे जुनी डिस्क काढून ठेवून नव्या डिस्कवर लिनक्स बसवावे. बिघडलेच, तर परतीचा मार्ग काही मिनिटांचा राहतो. एकाच संगणकावर दोन्ही प्रणाली ठेवण्याचा सल्ला मी देत नाही. पहिल्या अडचणीला माणूस जुन्या प्रणालीकडे वळतो आणि फायली दोन ठिकाणी विखुरतात. शिवाय विंडोजचे जलद स्टार्टअप चालू असेल तर विंडोजचे विभाजन (डिस्कवरील तिचा भाग) लिनक्समध्ये अनेकदा केवळ वाचण्यापुरतेच उघडते. लॅपटॉपची संपूर्ण डिस्क कूटबद्ध (सांकेतिक वाक्याशिवाय वाचता न येणारी) करायची असल्यास तो पर्याय बसवतानाच निवडावा, कारण नंतर ते किचकट होते. सांकेतिक वाक्य मालकाकडे बंद लिफाफ्यात असावे. प्रत्येकाला स्वतंत्र, प्रशासकीय अधिकार नसलेले खाते द्यावे. सामायिक फोल्डर सांबा या नेटवर्कवर फायली वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरद्वारे ठेवल्यास विंडोज आणि लिनक्स दोन्हींवरून वापरता येतो, त्यामुळे सगळे संगणक एकाच दिवशी बदलण्याची गरज राहत नाही.

सुरुवात उत्सुक माणसाच्या टेबलापासून करावी आणि त्याचे आठवडाभराचे काम सुरळीत झाल्यावर दुसरे टेबल घ्यावे. सर्वांत जास्त कुरकुर करणाऱ्याला शेवटासाठी राखून ठेवू नये. त्याच्या तक्रारींतूनच राहून गेलेल्या गोष्टी कळतात. वर्षअखेरीच्या धांदलीत हे काम काढू नये. सुरक्षा अपडेट आपोआप बसतील अशी व्यवस्था करावी. मिंटमधील टाइमशिफ्ट हा बॅकअपचा प्रोग्राम मूळ मांडणीत केवळ प्रणालीच्या फायली जपतो, वापरकर्त्यांचे दस्तऐवज नाही, म्हणून दस्तऐवजांचा बॅकअप वेगळा घ्यावा. राखून ठेवलेला विंडोज संगणक एक संपूर्ण हिशेबवर्ष पार पडेपर्यंत हलवू नये आणि तो कोणत्या कामासाठी सुरू करावा लागला याची नोंद त्याच्या शेजारच्या वहीत ठेवावी. वर्षभरात त्या वहीत एकच काम आढळले, तर विक्रेत्याशी पुन्हा बोलण्याची किंवा तेवढे काम बाहेरून करून घेण्याची वेळ आली असे समजावे.