अंगावरून जास्त जातंय? औषधं घेताना या चुका टाळा

पाळीत तासा-दोन तासाला घडी भिजते, दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडतात, सात दिवस उलटले तरी थांबत नाही. हा आजार आहे आणि त्यावर औषध आहे. पण औषध अर्धवट घेतलं जातं, 'गोळ्यांनी काही होत नाही' असं ठरतं आणि गोष्ट थेट गर्भपिशवी काढण्यावर येते.

सगळ्यात जास्त चुकतं ते ट्रानेक्सामिक ॲसिड, म्हणजे रक्तस्राव कमी करणारी गोळी. मेडिकलमधून दोन गोळ्या आणायच्या, एक सकाळी घेऊन वेचणीला जायचं. तिचा असर काही तासांतच ओसरतो, म्हणून डॉक्टर साधारण 500 मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा देतात. रक्तस्राव सुरू झाल्यापासून चार-पाच दिवसच. पाळीआधी घेऊन उपयोग नाही. ही गोळी रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. त्यामुळे पायात गुठळी झाली असेल, किडनीचा त्रास असेल किंवा घरात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर आधी सांगा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडे सिकलसेल जास्त आढळतो, म्हणून तिकडे हे विचारलंच पाहिजे.

नोरेथिस्टेरोन ही हार्मोनची गोळी मध्येच सोडू नका. गोळी सुटली की दोन-चार दिवसांत पिशवीचं आतलं अस्तर गळतं, आणि बाई म्हणते, गोळीनंच जास्त गेलं. महालक्ष्म्यांसाठी पाळी पुढे ढकलायलाही हीच गोळी परस्पर घेतली जाते; तेही नको.

तांब्याच्या कॉपर-टीनं रक्तस्राव वाढू शकतो. हार्मोनची टी वेगळी, ती तो कमी करते. मात्र पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडतात. दुसऱ्याच महिन्यात काढून घेतली तर पैसे वाया जातात.

लोहाची गोळी चहासोबत नको, दोन तासांचं अंतर ठेवा, लिंबू चालेल. शौचाला काळी होते, घाबरू नका. हिमोग्लोबिन भरलं तरी आणखी तीन महिने घ्या.

पिशवी काढायला सांगितलं तर आधी सोनोग्राफी, हिमोग्लोबिन आणि गरजेनुसार थायरॉइड पाहिलं का? पंचेचाळिशीनंतर अस्तराचा तुकडा तपासला का? आणि हे नक्की विचारा: अंडाशय ठेवणार ना? तेही विनाकारण गेले तर लवकर हाडं ठिसूळ होतात.

तासाला एक पॅड सलग दोन तास भिजलं, घेरी आली, तर गोळीची वाट पाहू नका; लगेच दवाखाना गाठा. पाळी चुकून मग जास्त जात असेल तर गर्भ आहे का, ते आधी तपासून घ्या.