एक टॅब, चार मुले: पहिली-दुसरीच्या नव्या शिक्षकांसाठी

जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षणसेवकांची साधनांविषयी एक ठरलेली तक्रार असते. वर्गात वीस-पंचवीस मुले आणि टॅब मात्र चार-पाचच, मग तंत्रज्ञानाच्या आधारे शिकवायचे तरी कसे? पहिली-दुसरीचे वर्ग बरीच वर्षे सांभाळल्यानंतर माझे मत याच्या उलट झाले आहे. प्रत्येक मुलाच्या हाती स्वतंत्र टॅब दिला की वर्ग चिडीचूप होतो आणि भेटीला आलेल्या अधिकाऱ्यांना तो शिस्तीचाही वाटतो. परंतु या वयात भाषा काय आणि गणित काय, दोन्ही बोलण्यातून पक्के होते, आणि नेमके ते बोलणेच तेथे थांबलेले असते. चौघांत एक टॅब असला की मुलांना एकमेकांना विचारावे लागते, पटवून द्यावे लागते आणि प्रसंगी भांडावेही लागते.

१९९९ साली शिक्षण-संशोधक सुगाता मित्रा यांनी दिल्लीतील कालकाजी भागात वस्तीलगतच्या भिंतीत एक संगणक बसवला आणि मुले घोळका करून तो आपापल्या बुद्धीने हाताळू लागली. हा प्रयोग डीएडच्या वर्गात कौतुकाने सांगितला जातो आणि ते कौतुक योग्यच आहे. मात्र त्यावरून ‘साधन ठेवा आणि बाजूला व्हा’ असा धडा वर्गासाठी कोणी घेऊ नये. सहा वर्षांच्या मुलांचा गट तसाच सोडला, तर जो दांडगा असतो त्याच्याच हाती टॅब राहतो आणि थोड्याच वेळात “बाई, ह्यो मला दाबूच देईना” अशी फिर्याद येते.

यावर माझ्या वर्गात एकच नियम आहे: ज्याच्या हाती टॅब, त्याने स्वतःचे उत्तर द्यायचे नाही, उरलेले तिघे एकमताने जे सांगतील त्यावरच बोट ठेवायचे. प्रश्न संपला की टॅब उजवीकडच्या मुलाकडे जातो. टॅब कोणी मांडीवर घेत नाही, तो बस्करपट्टीवर मधोमध आडवा ठेवलेला असतो, म्हणजे तो कोणा एकाचा वाटत नाही. नियम साधा असला तरी तो अंगवळणी पडायला वेळ लागतो, म्हणून जूनमध्ये फक्त जोड्यांनी काम करावे आणि चौघांचे गट दिवाळीच्या सुट्टीनंतर करावेत, असे मी सुचवेन. गटांना पक्ष्यांची किंवा फळांची नावे द्यावीत. हुशार मुलांचा वेगळा गट कधीही करू नये, कारण कोणता गट ‘ढ’ आहे हे मुलांना पहिल्याच दिवशी कळते. द्विशिक्षकी शाळेत दोन इयत्ता एकत्र बसतात ही अडचण मानली जाते. गटकामासाठी मात्र ती सोय आहे, कारण दुसरीचे मूल पहिलीच्या मुलाला समजावताना स्वतःही तेच पुन्हा शिकते.

गणितातील एक उदाहरण थोडे सविस्तर सांगते. मी माझ्याच आवाजात काही संख्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून त्या टॅबवर घेतल्या आहेत. गटाने संख्या ऐकायची आणि दहा-दहा काड्यांचे गठ्ठे व सुट्या काड्या वापरून ती मांडायची. ‘एकोणचाळीस’ ऐकल्यावर बहुतेक गट चार गठ्ठे आणि नऊ काड्या मांडतात, कारण कानावर ‘चाळीस’ पडलेले असते. अशा वेळी शिक्षकाने तोंड उघडू नये. गटातील एखादी मुलगी “थांबा, छत्तीस, सदतीस, अडतीस…” असे मोजू लागते, दुसरा आवाज पुन्हा लावतो, आणि थोड्या कुरबुरीनंतर एक गठ्ठा परत डब्यात जातो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांसाठी ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले, तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या वादात कोणाची बाजू घ्यावी हा वेगळा प्रश्न, पण मुलांची अडचण खरी आहे हे काड्यांच्या या खेळात रोज दिसते. संख्या पुन्हा पुन्हा न कंटाळता ऐकवण्याचे काम यंत्राने करावे, गठ्ठा सोडण्याचे काम मुलांच्या हातांनी करावे.

वाचनासाठी मोबाइलमधील ध्वनिमुद्रणाची साधी सोय पुरते. गटाने एक परिच्छेद वाटून घेऊन वाचायचा, तो मुद्रित करायचा आणि सर्वांनी मिळून ऐकायचा. आपला आवाज ऐकताना मुले प्रथम खिदळतात. पण नंतर “माझं परत घ्या, मी मध्येच थांबलो” अशी मागणी तीच करतात. शिक्षकाने काढलेल्या चुकीपेक्षा स्वतःच्या कानांनी पकडलेली चूक लवकर सुटते.

पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड आणि दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरील साहित्य उपयुक्त आहे, परंतु ते आदल्या दिवशी रेंज असलेल्या ठिकाणी उतरवून ठेवावे आणि टॅबही तेव्हाच चार्ज करावेत. वर्गात नेटवर्क शोधत फिरणाऱ्या शिक्षकाचा तास हातचा गेलाच म्हणून समजावे. चित्रफीत पूर्ण दाखवण्याचा अट्टहास नको. ती मध्येच थांबवून पुढे काय होईल हे गटांना ठरवू द्यावे. मुलांचे फोटो स्टेटसवर किंवा पालकांच्या मोठ्या गटावर टाकण्याचा मोह आवरावा. पालकांची संमती घेण्याची सवय सुरुवातीपासूनच ठेवावी.

राहता राहिले मूल्यमापन. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट प्रत्येक मुलाने पायाभूत वाचन आणि संख्याज्ञान मिळवावे हे आहे, गटाने नव्हे. आणि गटाच्या बरोबर उत्तरामागे एखादे अबोल मूल महिनोन्‌महिने लपून राहू शकते. म्हणून गटकाम चालू असताना मी रोज दोन-तीन मुलांना टेबलाजवळ बोलावते, टॅबशिवाय एक ओळ वाचायला आणि एक संख्या मांडायला लावते, आणि वहीत त्यांच्या नावापुढे अडलेला शब्द किंवा अडलेली संख्या तेवढी लिहून ठेवते. पुढच्या आठवड्याचे गट त्याच वहीवरून ठरतात.