श्रद्धा, सिनेमा आणि रोजचं जगणं: एकाच वहीत नोंद कशी ठेवावी

तीन वह्या घेऊ नका. देवाधर्माची एक, सिनेमा-मालिकांची दुसरी आणि घरच्या रोजच्या गोष्टींची तिसरी, अशी वाटणी करायचा मोह होतो. नागपुरात ती टिकत नाही. मारबतीचंच बघा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालाच्या रस्त्यांवर काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. ‘इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ ही झाली श्रद्धा. सोबतच्या ‘बडग्या’ नावाच्या पुतळ्यांवर महागाईची, पुढाऱ्यांची, वर्षभर गाजलेल्या भानगडींची टिंगल असते, ती झाली चालू जमान्याची खबर. त्याच दिवशी तान्हा पोळा असतो, म्हणजे लाकडी बैल घेऊन दारात आलेल्या पोरांना बोजारा (खाऊ किंवा पैसे) द्यायचा, तो घरखर्च. हा दिवस तीन वह्यांत कापून कसा लिहिणार?

पायरी १. वही आणि पेन

दोनशे पानांचं साधं लाँगबुक पुरतं. जेल पेनापेक्षा बॉलपेन बरा, पावसाचे चार थेंब पडले तरी अक्षर पसरत नाही. मोबाईलवर लिहायचं असेल तर खुशाल लिहा, पण मग मोबाईलवरच लिहा; अर्धं इथे अर्धं तिथे केलं की काहीच सापडत नाही. शेवटची चार पानं कोरी सोडा, ती पुढे लागतील.

पायरी २. तारीख, तिथी, जागा

नोंदीच्या डोक्यावर तारखेसोबत तिथीही लिहा. भिंतीवरचं कॅलेंडर त्यासाठीच असतं. नुसत्या तारखेवर वर्षं जुळत नाहीत. मारबत 2024 मध्ये 3 सप्टेंबरला निघाली, 2025 मध्ये 23 ऑगस्टला. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असतं, म्हणून सण मागे सरकतात आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे येतात. हिजरी पंचांगात अधिक महिना धरत नाहीत, त्यामुळे ताजबागचा, म्हणजे ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्याचा, उर्स हळूहळू सगळ्या ऋतूंतून फिरतो. दीक्षाभूमीच्या बाबतीत तर दोन्ही लागतं. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षा दिली त्या दिवशी विजयादशमी होती. आज काही लोक तारखेला येतात, बरेचसे अशोक विजयादशमीला. 2025 मध्ये विजयादशमी 2 ऑक्टोबरला होती. वहीत फक्त ‘ऑक्टोबर, दीक्षाभूमी, खूप गर्दी’ एवढंच असेल तर पुढच्या वर्षी कशाशी ताडून बघणार?

जागा लिहिताना चौकाचं नाव टाका. ‘बाजारात’ नको, ‘गोकुळपेठ, भाजीबाजार’ लिहा.

पायरी ३. श्रद्धेबद्दल: मत नको, कृती लिहा

सगळ्यात जास्त घसरण इथे होते, म्हणून इथे जरा थांबू. श्रद्धेबद्दल लिहायला बसलं की हात आपोआप प्रवचनाकडे वळतो. ‘आज टेकडी गणपतीला गेलो, मन प्रसन्न झालं, देव सगळीकडे आहे.’ हे वाक्य कोणीही, कोणत्याही देवळाबद्दल, कोणत्याही वर्षी लिहू शकतो. त्याऐवजी असं करून बघा:

‘संकष्टी. टेकडी गणपती. रांग पायऱ्यांपर्यंत. आईने दूर्वा पदराच्या गाठीत बांधून आणल्या होत्या, गाठ सुटेना. मागचे काका म्हणाले, आरामात जी, बाप्पा कुठं जाऊन नाही रायला. खाली स्टेशनावर गाडीचा भोंगा वाजला तेव्हा आईने नेमके डोळे मिटले होते. परत येताना म्हणाली, यंदा काही मागितलं नाही.’

यात मत कुठेच नाही. आईची श्रद्धा मात्र पूर्ण आली आहे.

ही पद्धत आपल्या विदर्भातलीच आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना विचारून. त्यातून ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं. त्यात तत्त्वज्ञान आहेच, पण स्वामी कुठे उतरले, काय जेवले, कोणाला काय म्हणाले हेही आहे, आणि म्हणूनच सातशे वर्षांनीही तो माणूस समोर दिसतो.

व्यवहारात चार प्रश्न पुरतात. हाताने काय केलं? तोंडाने काय म्हटलं? कोण सोबत होतं? काय करायचं राहिलं? शेवटचा प्रश्न विसरू नका. मोडलेला उपास, अर्ध्यावर सुटलेली पोथी, यंदा न जमलेली कोराडीच्या देवीची नवरात्रातली फेरी, यांतून श्रद्धेचा खरा हिशेब कळतो. श्रद्धा नसेल तर तेही याच पद्धतीने लिहा: आरतीच्या वेळी तुम्ही कुठे उभे होता, हात जोडले की खिशात ठेवले. दुसऱ्याच्या धर्माबद्दल लिहिताना तर कृतीवरच राहा. ताजबागेत चादर चढवणाऱ्या माणसाच्या मनात काय होतं ते तुम्हाला दिसत नाही. त्याने चादर कशी धरली होती ते दिसतं.

पायरी ४. पडद्यावरचं आणि कानावरचं

सिनेमाची गोष्ट लिहू नका, ती इंटरनेटवर मिळते. तारेही देऊ नका. कोणासोबत पाहिला, थिएटरात शिट्टी कुठे पडली, घरी येताना भांडण कशावरून झालं, हे लिहा. पडद्यावर आपली बोली ऐकू आली तर ते वाक्य जसंच्या तसं उतरवा. 2022 चा ‘झुंड’ नागपुरातच घडतो आणि इथल्याच विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलवर बेतलेला आहे. अशा वेळी आपण ओळखीची जागा शोधत होतो की गोष्ट बघत होतो, याची नोंद मजेशीर होते.

गाण्यांकडेही कान ठेवा. 14 एप्रिलला कोणत्या वस्तीत कोणतं भीमगीत लागलं होतं, रामनवमीच्या शोभायात्रेत डीजेवर भजन कोणत्या सिनेमाच्या चालीवर होतं, हे कुठल्याही पेपरात येत नाही. माझ्या मते या वहीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच.

घरात वडीलधारे असतील तर एका रविवारी त्यांना विचारा: 25 जानेवारी 1987 ला दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा टीव्ही कोणाच्या घरी होता? पडद्याला हार घातला होता का? चपला बाहेर काढायला लावत का? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा, व्याकरण दुरुस्त करत बसू नका.

सिनेमाचं तिकीट चिकटवणार असाल तर एक ध्यानात असू द्या. बरीच तिकिटं थर्मल कागदावर छापलेली असतात. त्यांची छपाई उजेडाने फिकटते आणि उन्हाने तापलं तर कागद काळा पडतो. नागपूरच्या मे महिन्यात 45 अंशांत ती टिकतील अशी आशा धरू नका. तारीख, थिएटर, दर लगेच पेनाने खाली लिहून ठेवा.

पायरी ५. रोजचं

रोज एक भाव आणि एक बोलणं. तर्री पोह्यांची प्लेट, संत्र्याचा डझन, ऑटोचं भाडं, यांतलं काहीही चालेल. आणि कानावर पडलेलं एक वाक्य: ‘काऊन भाऊ, तर्री कमी टाकून रायले?’ बस. रोज दोन पानं लिहायचा संकल्प आठवड्यात बारगळतो, दोन ओळींचा टिकतो.

पायरी ६. नावं

घरच्यांची नावं आद्याक्षरांत लिहा. शेजारच्या काकूंचं आजारपण, मित्राचं कर्ज, कोणाची जात-पात, लग्नाच्या बोलण्यातली कुजबुज हे कोणाच्या हाती लागलं तर भांडण तुमच्या दारात येईल. एक साधी कसोटी आहे. त्या माणसाने ते पान वाचलं तर तो हसेल की उठून जाईल? उठून जाईल असं वाटलं तर नाव काढा, प्रसंग ठेवा.

पायरी ७. मागची चार पानं

महिना संपला की सगळ्या नोंदी एकदा वाचा आणि मागच्या कोऱ्या पानांवर अनुक्रमणिका करा: विषय आणि पान क्रमांक, एवढंच. ‘मारबत’, ‘उपास’, ‘भीमगीतं’, ‘आईचं बोलणं’, ‘भाव’ अशी शीर्षकं तुमची तुम्हालाच सुचतील. एखाद्या शीर्षकाखाली महिनोन्‌महिने काहीच आलं नाही तर ते खोडा, आणि ज्याखाली गर्दी झाली त्याचे दोन भाग करा. वही भरली की पाठीवर पहिली आणि शेवटची तारीख घाला. ती माळ्यावर टाकू नका, तिथे उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात ओल असते. कपड्यांच्या कपाटात साड्यांच्या खाली ठेवा.