डेटाबेसची एक्झी साध्या युजरलाही बदलता येत होती: माझा अनुभव

विंडोज सर्व्हरवर डेटाबेस नेहमीच्या ‘प्रोग्राम फाइल्स’ फोल्डरमध्ये नाही, थेट सी ड्राइव्हवर इन्स्टॉल केलेला. त्याची सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्राम) लोकल सिस्टम या विंडोजच्या पूर्ण अधिकारांच्या खात्यावर चालायची, पण त्याच्या बिन फोल्डरमधली एक्झी (.exe, म्हणजे चालणारी प्रोग्राम फाइल) कुठल्याही लॉगिनवरून बदलता यायची. कुणी तिथे स्वतःची फाइल ठेवली, की पुढच्या रीस्टार्टला ती पूर्ण अधिकारांनी चालणार!

फोल्डर रीड-ओन्ली केलं, त्याच जागी पुन्हा इन्स्टॉल केलं, फरक शून्य. डोकं फिरायची वेळ आली होती. खरं कारण म्हणजे सी ड्राइव्हवरच्या नव्या फोल्डरला ऑथेंटिकेटेड युजर्सची (म्हणजे लॉगिन केलेल्या सगळ्यांची) मॉडिफाय, म्हणजे फाइल बदलायची परवानगी ड्राइव्हकडून वारशाने मिळते.

शेवटी हे चाललं. आधी सर्व्हिस थांबवली. फोल्डरच्या प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन मालक ॲडमिनिस्ट्रेटर्स केला, आतल्या फाइल्सचाही. हे विसरू नका, कारण फाइलचा मालक परवानग्या पुन्हा बदलू शकतो. मग डिसेबल इनहेरिटन्स (वारसा बंद), त्यात कन्व्हर्टचा पर्याय, म्हणजे आलेल्या परवानग्या फोल्डरच्या स्वतःच्या होतात आणि बदलता येतात. ऑथेंटिकेटेड युजर्सची नोंद काढली; युजर्सना फक्त रीड अँड एक्झिक्यूट ठेवलं. आतल्या फाइल्सनाही हेच लागू व्हावं म्हणून खालची ‘रिप्लेस ऑल चाइल्ड’ची खूण करून अप्लाय. जुन्या एक्झींवर भरवसा नको, म्हणून मूळ इन्स्टॉलरमधून त्या पुन्हा टाकल्या, मगच सर्व्हिस सुरू केली.

साध्या लॉगिनवरून बिनमध्ये फाइल टाकून पाहिली: परवानगी नाकारली.